चक्कर कोणती, ते आधी ठरू दे

पत्र

ताई, नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. गेले अकरा महिने मला चक्कर येते. कधी कूस बदलताना, कधी वाकल्यावर. नाइट ड्युटीच्या आठवड्यात तर दोन-दोन तास सगळं गरगरत राहतं, मळमळतं, उजेड नकोसा होतो. मेडिकलमधून चकरेची गोळी आणून खाते, ती घेतली की झोप येते. कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात मेडिसिन वॉर्डात ड्रेसिंगचा ट्रे हातात असताना तोल गेला आणि ट्रेसकट खाली बसले. पेशंटला काही झालं नाही, पण मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "स्वतःला सांभाळता येत नाही, ती पेशंटला काय सांभाळणार? दुसरी लाइन बघ." आई म्हणते, सोड आणि घरी ये. तिचंही डोकं महिन्यातून दोनदा उठतं, अर्धशिशी आहे तिला, त्यामुळे ती जास्तच घाबरते. वडिलांनी फीसाठी सोसायटीतून कर्ज काढलंय. आजी अंथरुणावर होती तेव्हापासून मी नर्स व्हायचं ठरवलंय. मॅडम खरं बोलल्या का? नाव छापू नका. आणि एक, रात्री कुठल्या कुशीवर झोपू?

उत्तर

लेकी,

मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. कॉलेज सोडू नकोस. आज हातात जेवढी माहिती आहे, तेवढ्यावर तर मुळीच नको. अकरा महिने तुला चक्कर येतेय आणि तुझ्या पत्रात एकाही डॉक्टरचा उल्लेख नाही, मेडिकलवाल्याचा आहे. तू ज्या वॉर्डात उभी राहतेस, तिथे निदानाच्या रकान्यात नुसतं 'चक्कर' लिहून कुणी केसपेपर बंद करतं का? चक्कर ही पेशंटने सांगितलेली तक्रार झाली. आजाराचं नाव अजून शोधायचंय. ज्याचं नावच कळलेलं नाही, त्याच्यापायी चार वर्षांच्या शिक्षणाचा निकाल लावायचा नसतो.

मॅडम जे बोलल्या, तेच मीही एकदा बोललेली आहे. म्हणून हा भाग मला टाळता येणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी नर्सिंगची ट्यूटर होते. सकाळच्या औषधांच्या राउंडला एक मुलगी ट्रॉली सोडून दोन कॉटांच्या मध्ये मटकन खाली बसली, कॉटचा पाय घट्ट धरून. मला वाटलं, रात्री जागली असेल, नाश्ता केला नसेल, नाहीतर ड्युटी टाळतेय. पेशंटांसमोर मी तिला नको ते बोलले. ती गुपचूप उठली आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर तिने कुणाला काही सांगितलं नाही. चक्कर आली की बेसिनवर जाऊन हात धूत उभी राहायची, काठ धरून. हात धुणाऱ्या नर्सकडे कोण बघतंय? शेवटी ती जिन्यावर पडली, कोपराला लागलं. कॅज्युअल्टीत कान-नाक-घशाचे एक तरुण डॉक्टर दुसऱ्या पेशंटसाठी आले होते. त्यांनी तिला तिथल्याच कॉटवर बसवलं, मान वळवून झटकन आडवं केलं आणि तिचे डोळे बघितले. मग डोकं सावकाश या कुशीवरून त्या कुशीवर फिरवलं आणि उठवून बसवलं. वर्षभराची चक्कर दहा मिनिटांत थांबली. ती हसतही होती आणि रडतही होती. मला मात्र तिच्याकडे बघवेना, कारण तिचं ते वर्ष माझ्या जिभेने खाल्लं होतं.

तेव्हा तुझ्या मॅडमना मी सरसकट वाईट ठरवणार नाही. ट्रे खाली गेला त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर पेशंट होता, आणि नर्सिंग शिकवणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर आधी पेशंटच असायला हवा. पण चारचौघांत बोलून त्यांनी तुला शिकवलं काय, तर पुढच्या वेळी कुणाला दिसू द्यायचं नाही. हाच धडा पेशंटसाठी सगळ्यात धोक्याचा. चक्कर येणारी नर्स वॉर्डात काम करू शकते, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. चक्कर लपवणारी नर्स मला माझ्या वॉर्डात नको असायची, आजही नको.

आपल्या भाषेत या एका त्रासाला किती शब्द आहेत बघ: भोवळ, घेरी, अंधारी, गरगर, झोक जाणं. पेशंट यातला एखादा सहज बोलून जातो आणि आपण सगळ्यांपुढे 'गिडीनेस' लिहून मोकळ्या होतो. माझ्या मते निम्मं निदान त्या शब्दातच असतं. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती बहुधा रक्तदाब खाली आल्याने, आणि अंगात रक्त कमी असलं तरी तसं होतं. भोवळ येऊन शुद्धच हरपली तर हृदयाकडे बघावं लागतं. चालताना झोक जातो पण खोली जागच्या जागी असते, तो प्रकार निराळा. आणि बंद पंखा फिरताना दिसतो, कॉट एका अंगाला कलल्यासारखी वाटते, डोळे मिटले तरी थांबत नाही, ती खरी गरगर. तिचं मूळ बहुतेक वेळा आतल्या कानात असतं, नाहीतर कानाकडून आलेला निरोप वाचणाऱ्या मेंदूच्या भागात. तू 'गरगरतं' हा शब्द लिहिलास. डॉक्टरांपुढेही तोच वापर, इंग्रजी करून सांगू नकोस.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही. पण इतकी वर्षं केसपेपर वाचले, त्या नजरेला तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या चकरा दिसतात.

पहिली कूस बदलताना आणि वाकल्यावर येणारी. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांच्या बुडाशी एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याचे, अगदी बारीक कण असतात. हे कण जागचे सुटून नलिकेत शिरले की डोकं विशिष्ट बाजूला वळवताच मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. ही गरगर जोरदार असते पण सहसा मिनिटाच्या आत ओसरते. याला बीपीपीव्ही म्हणतात. ओळखण्याची रीत 1952 पासून तीच आहे, डिक्स-हॉलपाइक टेस्ट: मान 45 अंशांत वळवायची, पटकन मागे आडवं करायचं, डोकं कॉटच्या कडेखाली थोडं लोंबू द्यायचं आणि डोळ्यांची थरथर बघायची. सीटी स्कॅन लागत नाही, एमआरआय लागत नाही, एक कॉट आणि जाणता माणूस लागतो. कण जागेवर न्यायची डोकं फिरवण्याची पद्धत एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी बसवली, माझ्या विद्यार्थिनीला त्या दिवशी तीच केली होती. बहुतेकांना एक-दोन वेळांत गुण येतो. पुढेमागे त्रास उलटू शकतो, मग पुन्हा करायची. मात्र हा आजार जास्त करून पन्नाशीनंतरचा. विसाव्या वर्षी असू शकतो, विशेषतः डोक्याला मार लागला असेल तर. लहानपणी सायकलवरून, झाडावरून, अलीकडे हॉस्टेलच्या जिन्यावरून पडली आहेस का? आठवून ठेव, डॉक्टर विचारतील.

दुसरी चक्कर मला जास्त विचारात पाडते. दोन-दोन तास टिकणारी, नाइटच्या आठवड्यात येणारी, उजेड नकोसा करणारी. आणि पत्राच्या शेवटी आईच्या काळजीबद्दल लिहिताना तू ओझरतं लिहून गेलीस, तिला अर्धशिशी आहे. लेकी, माझ्या लेखी ते तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. अर्धशिशी घराण्यात चालत येते, आणि तिचं एक रूप असं आहे की डोकं दुखण्याऐवजी, किंवा दुखण्याच्या जोडीला, तोल जातो. व्हेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात त्याला. झटका पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही चालतो. डोकं दुखलंच पाहिजे असं नाही, म्हणून कुणाला सुचत नाही आणि बाई वर्षानुवर्षं 'मानेचा त्रास' म्हणून पट्टा लावून फिरते. तरुण मुलींत हा प्रकार बराच दिसतो. जागरण, उपाशी राहणं, पाळीच्या आसपासचे दिवस, ताण, हे त्याला डिवचतात. आता तुझा नाइटचा आठवडा डोळ्यांसमोर आण. दिवसा हॉस्टेलवर झोप नाही, संध्याकाळी मेसचं जेवण चुकलं, रात्रभर चहावर. त्यात मार्गशीर्षातला गुरुवार आला तर उपास. आणखी काय हवं त्या आजाराला? देवाला हात जोडून सांग, शिकून होईपर्यंत उपास माफ कर. तो करतो.

या दोन्ही चकरा एकाच माणसाला असू शकतात, म्हणूनच तपासणाऱ्याला दोन्ही वेगवेगळ्या सांगायच्या.

तिसरं नाव मेनिएरचं. प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरने 1861 मध्ये पहिल्यांदा सांगितलं की अशी चक्कर कानातून येते. त्यात कान भरल्यासारखा होतो, आवाज घुमतो, ऐकू कमी-जास्त येतं. तू असं काही लिहिलेलं नाहीस, पण डॉक्टरांनी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, सांगितली तर टाळू नकोस.

गोळीबद्दल थोडं कडक बोलते. नाव लिहिलं नाहीस, पण झोप येते म्हणतेस म्हणजे सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनसारखं काहीतरी असणार. झटका आला की दोन-तीन दिवसांपुरती ही औषधं ठीक. महिनोन् महिने खाल्ली की उलटं होतं. बिघडलेल्या कानाशी जुळवून घ्यायला मेंदूला चक्कर थोडी अनुभवावी लागते, आणि या गोळ्या ते शिकणंच दाबून टाकतात. वर सुस्ती. त्या सुस्तीत तू इंजेक्शन भरतेस, डोसचं गणित करतेस. खरं सांगू? ट्रे पडला त्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटली. पाकीट फेकू नकोस, डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. स्वतःच्या मनाने मात्र नवी पट्टी आणू नकोस.

जायचं कुठे, तर लांब नको. तुमच्या कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलात कान-नाक-घशाची ओपीडी असेल. केसपेपर काढ आणि नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणून मागच्या दाराने नको, रांगेतून पेशंट म्हणून जा. कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या 'सर, जरा चक्कर येते' म्हटलं की उभ्या-उभ्याच गोळी मिळते. जायच्या आधी पंधरा दिवस वही ठेव: चक्कर कधी आली, किती मिनिटं टिकली, आधी काय करत होतीस, झोप किती झाली होती, पोटात काय होतं, पाळीचा कितवा दिवस, कानात काही जाणवलं का, उजेडाचा त्रास झाला का. मैत्रिणीकडून आडवी असताना बीपी घे, मग उभी राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घे. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर तेही लिही. हिमोग्लोबिन करून घे. कानात काही निघालं नाही तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं लागेल. अर्धशिशीचं निघालं तर झटके कमी करणारी रोज घ्यायची औषधं असतात, त्यांना गुण यायला काही आठवडे जातात. चौथ्या दिवशी 'उपयोग नाही' म्हणून सोडू नकोस.

फिजिओथेरपी विभागाचीही ओळख करून घे. 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी तोल गेलेल्या माणसांसाठी व्यायाम बसवले, आजचे व्यायाम त्याच धाग्यातले आहेत. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, नजर त्यावर ठेवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. ऐकायला पोरखेळ वाटतो, करताना आठ दिवस मळमळतं. शिकवून घेऊन कर आणि चिकाटीने कर.

काही लक्षणं अशी आहेत की वही बाजूला ठेवून सरळ कॅज्युअल्टी गाठायची: चकरेबरोबर दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, आधाराशिवाय उभंच न राहता येणं, कधी झाली नाही अशी डोकेदुखी, किंवा एका कानाने अचानक ऐकू न येणं. कानाचं शेवटचं लोक आठवडाभर अंगावर काढतात आणि उपचाराची वेळ निघून जाते.

आता वॉर्ड. इथे मला बरंच सांगायचंय, कारण हे पुस्तकात सापडत नाही.

युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, कॉटच्या खाली, जमिनीजवळ लटकते. ती मोजताना आपण सगळ्याच कमरेतून वाकतो, डोकं खाली आणि मान वळवलेली. गरगर यायला याहून सोयीची अवस्था नाही. तू गुडघ्यांत बस, उकिडवी, एक हात कॉटच्या दांडीला, आणि आकडा डोळ्यांसमोर आण. तसंही मोजमाप डोळ्यांच्या रेषेतच घ्यायचं असतं, तेव्हा तुझा आकडा इतरांपेक्षा बरोबर येईल. सलाईनचे थेंब मोजताना मान वर टाकू नकोस. एक पाऊल मागे सर, चेंबर समोर दिसेल. स्टूलवर चढून बाटली लावायची नाही, वॉर्डातल्या मामांना हाक मार. कॉटचं हँडल फिरवायलाही गुडघ्यांत बसूनच. बेड मेकिंग जोडीने करायचं असतं हे तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय, पण माणसं कमी म्हणून सगळे एकटे करतात. तू जोडीनेच कर, उशीकडची बाजू जोडीदारणीला दे.

कुणी मागून हाक मारली की मान झटक्यात वळवू नकोस, पावलांसकट वळ. पेशंटला व्हीलचेअरवर घेताना कधीही एकटी नको. तो तुझ्या गळ्यात हात टाकणार, आणि त्या क्षणी तुला गरगरलं तर दोघंही खाली. प्रसूती विभागात पोस्टिंग लागेल तेव्हा बाळ हातात घेऊन चालायचं नाही, बाळ पाळण्याच्या गाडीतूनच न्यायचं. हा नियम खरं तर सगळ्यांनाच हवा, तुझ्यासाठी तो मोडायचा नाही असा आहे. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, स्क्रब होऊन उभं राहणं, चक्कर आटोक्यात येईपर्यंत, मागून घेऊ नकोस. तिथे बसता येत नाही आणि मधेच सोडूनही जाता येत नाही. कम्युनिटी पोस्टिंगला स्कूटी दुसरीला चालवू दे.

आणि चक्कर आलीच तर? हातातलं जवळच्या सपाट जागेवर ठेव. जागा नसेल तर ते घेऊन सावकाश खाली बस. तू ट्रेसकट खाली बसलीस असं लिहितेस. म्हणजे ट्रे पेशंटच्या अंगावर फेकला गेला नाही, तू पेशंटवर पडली नाहीस. त्या गडबडीत तुझ्या अंगाने बरोबर तेच केलं, हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून मी सांगते. पुढची पायरी तेवढी राहिली: मोठ्याने बोलायचं. "सिस्टर, मला चक्कर आलीय, सात नंबरचं ड्रेसिंग अर्धं राहिलंय." इतकंच. मग पूर्ण सावरेपर्यंत औषधाला आणि सुईला हात लावायचा नाही, आणि नंतरही त्या ड्युटीत भरलेलं प्रत्येक इंजेक्शन दुसरीला दाखवूनच द्यायचं. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवताना, हेही सांगायचं. पेशंटची ओव्हर देतो तशी स्वतःची द्यायची, त्यात लाज कसली.

कॉलेजला लेखी कळव, पण रिकाम्या हाताने नको. आधी निदानाचे कागद हातात येऊ देत. प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज कर: मला अमुक त्रास आहे, अमुक डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत, उपचार लागू पडेपर्यंत सलग नाइट देऊ नये, राहिलेले तास मी नंतर भरून देईन. हे शेवटचं वाक्य विसरू नकोस. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी पुरते, पण पदवी हातात पडण्याआधी क्लिनिकलचे तास शंभर टक्के पूर्ण करावे लागतात, हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे. तू माफी मागत नाहीस, वेळ मागतेस, हे अर्ज वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. अर्जाची पोच घे. मॅडमना त्याआधी एकटीने भेट. "त्या दिवशी मी लपवलं होतं, ते चुकलं," एवढं तू म्हण. त्यांच्याकडून काय येईल ते माहीत नाही, पण माझ्या विद्यार्थिनीने मला असं येऊन सांगितलं असतं तर मी खाली बसले असते.

दिव्यांग प्रमाणपत्र काढावं का असं कुणी सुचवेल. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत, त्यांत चक्कर या नावाचा प्रकार नाही. ऐकू येणं कायमचं कमी झालं तर ती गोष्ट वेगळी. तुला आज त्या वाटेला जायची गरज दिसत नाही.

आता कठीण भाग, तोही तुझ्यापासून लपवणार नाही. समजा निदान झालं, उपचार झाले, वर्ष गेलं आणि झटके तरीही राहिले. मग नर्स होता येईल का? हो. कुठल्याही वॉर्डातली नर्स होता येईल का? नाही. माझ्याबरोबर आयसीयूत एक सिस्टर होत्या, व्हेन्टिलेटरवरच्या पेशंटला नुसत्या छातीच्या हालचालीवरून ओळखणाऱ्या. त्यांना मेनिएर निघाला. एका कानाने ऐकू येईना, स्टेथोस्कोपातला आवाज लागेना, आणि एका रात्री कोड ब्लूला, म्हणजे पेशंटचं हृदय थांबल्याच्या हाकेला, धावताना त्या भिंतीला धडकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मेट्रनकडे जाऊन बदली मागितली. आयसीयू सोडताना रडल्या. लसीकरणाच्या ओपीडीत गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. दिवसाची ड्युटी, बसून काम, समोर रडणारं बाळ आणि घाबरलेली आई. मी एकदा नातवाला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. सुई कधी गेली ते पोराला कळलं नाही. आयसीयूतले तेच हात होते.

अशा जागा बऱ्याच आहेत. ओपीडी, लसीकरण, मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिन शिकवणं, जंतुसंसर्ग नियंत्रण, शाळेतलं किंवा कारखान्यातलं आरोग्य केंद्र, गुणवत्ता विभाग, पुढे एम.एस्सी. करून शिकवणं. पण यातल्या बहुतेक ठिकाणी आधी वॉर्डातली एक-दोन वर्षं बघतात, शिकवायलाही अनुभव मागतात. पदवीनंतर खाजगीत नोकरी धरताना बारा तासांची ड्युटी आणि बाँड या दोन गोष्टी सही करण्याआधी वाच. फिरती ड्युटी तुला कठीण जाईल, त्यापेक्षा पगार थोडा कमी असला तरी ठरलेली वेळ बघ.

कुणी तुला नाइटिंगेलबाईंचं उदाहरण देईल, आजारी असून केवढं काम केलं म्हणून. खरं आहे, पण अर्धं. क्रिमियाच्या युद्धाहून 1856 मध्ये परतल्यावर त्या वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि कंदील घेऊन पुन्हा वॉर्डात फिरल्या नाहीत. त्यांनी काम बदललं. आकडे गोळा केले, पत्रं लिहिली, हिंदुस्थानातल्या छावण्यांच्या सांडपाण्यावर अहवाल लिहिले, तेही इथे एकदाही न येता. ते नर्सिंग नव्हतं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

घरचं. आईला फोनवर "मी बरी आहे" म्हणू नकोस, तिला ते खोटं लगेच कळतं. तिला ओपीडीला सोबत बोलाव. अर्धशिशीचा प्रश्न डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर तिच्याकडे आहे, कधीपासून, कशाने उठतं, आजीला होतं का. आणि डॉक्टर तुला तपासत असतील तेव्हा तिच्याही डोक्याचं एकदा विचारून घे. इतकी वर्षं ती डोक्याला फडकं बांधून स्वयंपाक करत आली असेल, तिलाही औषध आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसणार. वडिलांना कर्जाचं दडपण आहे, त्यांना तारखा सांग: या आठवड्यापासून वही, पंधरा दिवसांनी केसपेपर, तीन महिन्यांनी परत बघू. तारीख ऐकली की बापमाणसाला जरा बरं वाटतं.

राहिली कूस. ज्या कुशीवर वळल्यावर गरगरतं ती बहुधा त्रास असलेल्या कानाची. तपासणी होईपर्यंत तिच्या उलट कुशीवर झोप, उशाला दोन उशा घे. सकाळी गजर झाला की ताडकन उठायचं नाही. आधी कुशीवर, मग हाताने रेटून बसायचं, पाय खाली सोडून मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं. रात्री बाथरूमला उठताना मोबाइलची बॅटरी लाव, अंधारात तोल डोळ्यांची मदत मागतो. आणि तुमच्या हॉस्टेलला वरखाली कॉट असतील, तू वरच्या कॉटवर असशील तर आजच रूममेटशी बोलून खालची घे. का हवीय विचारलं तर खरं कारण सांग.

तुझी,
ताई